महिन्यातले दहा दिवस घरी नसताना रीफ टँक कसा सांभाळायचा?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक सहा वर्षं सांभाळलाय. आता समुद्री रीफ, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि कोरल (प्रवाळ), करायचं ठरवलंय. १८० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरचा टँक बनवून घेतला, खाली संप (पाइपने जोडलेली फिल्टरची टाकी) आहे, स्टँड आलाय, अजून पाणी भरलेलं नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. कामामुळे मी महिन्यातले ८-१० दिवस बाहेरगावी असतो. बायको म्हणते, तू गेल्यावर हे बघणार कोण, आणि एवढ्या वजनाने खालची स्लॅब टिकेल का? मी तिला सांगितलं की सगळं ऑटोमॅटिक करणार, तुला हातसुद्धा लावावा लागणार नाही, पण तिला पटत नाही. मुलगी ८ वर्षांची आहे, तिला क्लाउनफिश आणि निळा टँग पाहिजे, तेही लगेच. काय क्रमाने करू आणि बायकोला कसं समजावू?"

नमस्कार. वहिनींना समजवायचं काही नाहीये हो, त्यांनी जे दोन प्रश्न विचारलेत तेच या अख्ख्या छंदातले पहिले दोन प्रश्न आहेत आणि तुमच्याकडे अजून त्यांची उत्तरं नाहीत, म्हणून त्यांना पटत नाहीये. तुमचा उत्साह मला कळतो, रिकामी काच घरात उभी असली की रात्री झोपताना पण त्यात काय काय दिसायला लागतं. पण पाणी भरायच्या आधी आपण जरा बसून बोलू.

आधी वजन, कारण ते हिशोबाने सुटतं. तुमच्या मापाचा टँक काठोकाठ भरला तर ६४८ लिटर, म्हणजे पाण्याचेच साडेसहाशे किलो, खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जडच असतं. १५ मिलिमीटर काच असेल तर काचेचे दीडशे किलो, संपमधलं पाणी शंभर-दीडशे, दगड, वाळू, स्टँड. सगळं मिळून एक टनाच्या वर जातं आणि ते जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आत उभं राहतं. घरांची जमीन साधारणपणे चौरस मीटरला १५० ते २०० किलो या हिशोबाने डिझाइन केलेली असते. आता हा आकडा पूर्ण जमिनीवर सारखा पसरलेला धरतात, त्यामुळे एका जागी जास्त वजन आलं म्हणजे लगेच पडेल असं नाही, भार पेलणाऱ्या भिंतीला लागून, बीमच्या जवळ असे टँक वर्षानुवर्षं उभे असतात. पण तुमची भिंत भार घेणारी आहे का नुसती पार्टिशनची, हे मी इथून सांगू शकत नाही आणि टँकवालाही सांगू शकत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, इमारतीचं ड्रॉइंग मिळालं तर ते दाखवा, आणि तो जे बोलेल ते वहिनींच्या समोर बोलू दे. तो नाही म्हणाला तर टँक छोटा करायचा, त्यात वाद नाही.

आता दुसरा प्रश्न, तुम्ही गेल्यावर कोण बघणार.

"सगळं ऑटोमॅटिक" हे उत्तर मीही एकदा घरी दिलं होतं. माझा ५०० लिटरचा टँक तेव्हा तीन वर्षांचा होता, मी चार दिवस बाहेर गेले होते, घरी आई होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, की काच पुसताना पाणी जरा कोमट लागलं गं. मी म्हटलं लाइट चालू असतील म्हणून असेल, काही नाही होत. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला होता, बंदच होत नव्हता. परत आले तेव्हा पाणी ३३ अंश होतं, जवळपास सगळे कोरल पांढरे पडलेले, मासे तळाशी. आईने मला वेळेत सांगितलं होतं. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं कारण मी तिला कधी शिकवलंच नव्हतं, तिचं काम फक्त "काही करू नको" एवढंच होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, माशांचं वाटतं त्याहून आईचं जास्त वाटतं, कारण ती कितीतरी दिवस स्वतःलाच दोष देत होती.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. टँक उभारताना प्रत्येक वस्तूबद्दल विचारायचं, मी घरी नसताना हे बिघडलं तर काय होईल आणि घरातल्या माणसाला ते दिसेल का. तुमच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण तुम्ही वर्षातले शंभरेक दिवस घरी नसणार.

हीटरपासूनच बघा. एक मोठा हीटर लावू नका. मिळून तेवढ्याच ताकदीचे दोन छोटे लावा, तुमच्या टँकला साधारण ३०० वॅटचे दोन, आणि दोन्ही बाहेरच्या टेंपरेचर कंट्रोलरवर. मग एक चिकटून चालूच राहिला तरी एकटा सहाशे-सातशे लिटर पाणी पटकन तापवू शकत नाही, आणि एक मेला तर दुसरा निभावून नेतो. २५-२६ अंश धरा. तुमच्याकडे उन्हाळा कडक असेल तर उलटा प्रश्न येईल, पाणी थंड ठेवायचा. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा मारला तर बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात, पण दमट हवेत पंख्याचा उपयोग कमी होतो, मग चिलर लागतो. आणि एक साधा, वेगळा, मोठ्या आकड्यांचा थर्मोमीटर काचेवर असा लावा की येता-जाता कुणालाही दिसेल. ॲपवर अलार्म येतो ते ठीक आहे, पण नेट गेलं की अलार्म पण गेला.

टॉप ऑफचं, म्हणजे उडालेलं पाणी परत भरायचं, तसंच. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे तुम्हाला गोड्या पाण्यात कधी जाणवलं नसेल पण इथे ते रोजचं आहे. तुमच्या टँकमधून दिवसाला ५ ते १० लिटर पाणी उडेल, आणि तेवढं शुद्ध गोडं पाणी परत गेलं नाही तर खारटपणा चढत जातो. ऑटो टॉप ऑफ पाहिजेच. पण आता विचार करा, त्याच्या सेन्सरवर गोगलगाय चढून बसली आणि पंप थांबलाच नाही तर? लोक दहा दिवस पुरावं म्हणून १०० लिटरची टाकी ठेवतात आणि मग ती सगळी एकदम आत जाते, संप वाहतो, खारटपणा धाडकन खाली. टाकी ४० लिटरची ठेवा. ती अख्खी जरी आत गेली तरी ७०० लिटरच्या सिस्टिममध्ये ३५ चा खारटपणा (हजार भागांत ३५ भाग क्षार) ३३ च्या आसपास येईल, ते जनावरं सहन करतात. आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवायची. मग हो, पाच-सहा दिवसांनी कुणीतरी ती टाकी भरावी लागेल, हे काम वहिनींचं किंवा लेकीचं. सुरक्षित टँकमध्ये माणसाचं थोडं काम उरतंच, ते मशीनकडे देऊन टाकलं की धोका वाढतो.

डोसिंगच्या, म्हणजे कोरलला लागणारे क्षार पंपाने थोडे थोडे सोडायच्या, बाटल्यांनाही हाच नियम, दहा-बारा दिवस पुरेल एवढंच द्रावण भरा, महिन्याभराचं नको.

पाण्याचा पूर येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मात्र वेगळं आहे. वीज जाते, संपमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबतो आणि वरच्या टँकमधलं पाणी त्याच पाइपमधून सायफन होऊन उलटं खाली येतं. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीखाली जेमतेम २-३ सेंटिमीटर ठेवा म्हणजे थोडं पाणी उतरलं की हवा शिरून सायफन तुटतो. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) भरवसा ठेवू नका, त्यात मीठ साठतं, शेवाळ अडकतं, आणि नेमका नको तेव्हा तो पूर्ण बंद होत नाही. ओव्हरफ्लोला, म्हणजे वरून संपमध्ये पाणी उतरतं तिथे, एक पाइप असेल तर किमान एक इमर्जन्सी पाइप जास्तीचा हवा. काच अजून कोरडी आहे तोवर भोक पाडता येतं, नंतर नाही, म्हणून हे आत्ता सांगतेय.

वीज गेल्यावर माशांना आधी गुदमरायला होतं, थंडी-उष्णता नंतर येते. पाणी हललं नाही की ऑक्सिजन उतरायला लागतो, आणि कोमट खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप किंवा वेव्हमेकरला (टँकमध्ये पाणी हलतं ठेवणारा पंप) बॅटरी बॅकअप, दोन्हीपैकी एक पहिल्या माशाच्या आधी घ्या. लाइट, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर हे काही तास बंद राहिले तर चालतं. सगळ्या वायरींना प्लगच्या खाली झोका ठेवा म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल, आणि लाइनवर अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्या, घरात लहान मूल आहे.

उपकरणांबद्दल अजून फार बोलत नाही, कारण त्यावर रात्रभर व्हिडिओ बघता येतात आणि तुम्ही बघितलेच असतील. लाइटबद्दल एक, चांगले एलइडी घेतलेत तर सुरुवातीला २०-३० टक्क्यांवर चालवा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवा. कोरलच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला बहुतेक अन्न करून घालतं, आणि प्रकाश किंवा उष्णता अचानक वाढली की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं. नवीन लोकांचे कोरल कमी प्रकाशापेक्षा जास्त प्रकाशाने जास्त मरतात असं मी बघितलंय. आणि वेव्हमेकर दोन, समोरासमोरच्या बाजूंना, दोन्हींचा मिळून ताशी प्रवाह टँकच्या २० ते ३० पट. रिटर्न पंप मोठा घ्यायची गरज नाही, ताशी ३ ते ५ पट पुष्कळ झाला.

आता जिवंत बाजू. तुम्ही सहा वर्षं प्लांटेड टँक केलाय त्यामुळे बॅक्टेरिया घाणीतला विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात हे तुम्हाला परत सांगत नाही, चक्र तेच आहे, फक्त इथे ते मुख्यतः दगडात राहतं. सच्छिद्र दगड हाच खरा फिल्टर. जकार्तामध्ये ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते, त्यांनी १९६१ साली लिहून ठेवलंय की समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते मासे आणि कोरल ठेवायचे. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी त्याच दगडाला प्रोटीन स्किमर जोडला आणि आज आपण करतो ती पद्धत बऱ्यापैकी तिथूनच आलीय. मला हे नेहमी सांगावंसं वाटतं, कारण लोक डबाभर मीडिया आणि रिॲक्टर विकत घेतात आणि दगड मात्र भिंत रचल्यासारखा काचेला चिकटवून ठेवतात, मागे पाणी फिरायला जागाच नाही. दगड कमी ठेवा, पोकळ रचा, सगळ्या बाजूंनी काच पुसायला हात जाईल एवढी जागा सोडा.

पाणी आरओडीआय फिल्टरमधून पूर्ण शुद्ध केलेलंच, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवलं पाहिजे, गोड्या पाण्याला चालायचं ते नळाचं पाणी इथे चालणार नाही, त्यातला फॉस्फेट आणि तांबं महागात पडतं. मीठ लिटरला ३५ ते ४० ग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या भरणीलाच २५ किलोच्या पुढे. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा आणि ते ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणाने तपासून घ्या. मग बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत टाकून बॅक्टेरिया वाढवा, मासा टाकून सायकल करायची जुनी रीत सोडून द्या, त्यात मासा जळतो. चार ते सहा आठवडे धरा. टाकलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य, की टँक पहिल्या माशाला तयार.

त्यानंतर तो कुरूप काळ येतो. आधी तपकिरी पूड सगळीकडे, मग हिरवे केस, मग कदाचित लालसर साय. तीन महिने, सहा महिने, कोरड्या दगडाने सुरू केलं तर वर्षसुद्धा. या काळात बरेच लोक हातपाय गाळतात किंवा घाबरून काहीतरी औषध ओततात. नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून ओढून शून्यावर आणतात, आणि मग डायनोफ्लॅजेलेट्स येतात, बुडबुडे धरलेली तपकिरी शेंबडासारखी तार, ती घालवणं शेवाळ घालवण्यापेक्षा कितीतरी कठीण. नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास असू दे. गोगलगायी टाका, हाताने उपटा, दर दोन आठवड्यांनी १० टक्के पाणी बदला आणि थांबा. लेकीला आधीच सांगून ठेवा की काही महिने टँक घाण दिसणार आहे, नाहीतर तिला वाटेल बाबांचं काहीतरी चुकलं.

तिच्या क्लाउनफिशचं मात्र जमेल, तो पहिला मासा म्हणून फार चांगला. टँकमध्येच जन्मलेली पिल्लं घ्या, ती सहज मिळतात, दणकट असतात आणि समुद्रातून काही काढावं लागत नाही. दोन घ्या, एक थोडा मोठा एक लहान. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात, जोडीतला मोठा आणि दांडगा मादी होतो, हे तिला सांगा आणि कोण मादी होतोय ते वहीत लिहायला लावा. चांगले सांभाळले तर दहा वर्षांच्या पुढे जगतात, म्हणजे ती कॉलेजला जाईल तेव्हाही हे असतील. ॲनिमोन मात्र पहिल्या वर्षात नको. तो जागा आवडली नाही की चालायला लागतो, आणि चालत चालत वेव्हमेकरमध्ये गेला तर फाटतो आणि अख्खा टँक खराब करतो, आणि हे तुम्ही नसताना झालं तर वहिनींनी काय करायचं?

निळा टँग, तिला खरं सांगा. हा मासा ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत असतो, तुमचा सहा फुटी टँक त्याच्यासाठी कसाबसा पुरेल असा आहे, मोठा नाही. त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, म्हणजे मरीन इच, पटकन होतो. त्यामुळे तो आलाच तर सगळ्यात शेवटी, वर्षभराने, टँक स्थिर झाल्यावर. हे मासे वर्षानुवर्षं समुद्रातूनच पकडून आणले जायचे. पिवळा टँग हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये पहिल्यांदा टँकमध्ये वाढवला आणि निळा २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाला. तरी निळा अजून बहुतेक समुद्रातलाच असतो, घेताना विचारा. पिवळा २० सेंटिमीटरवर थांबतो आणि शेवाळ पण खातो, तुमच्या टँकला तो जास्त शोभेल असं माझं मत. मँडरिन मासा दिसायला कितीही सुंदर असला तरी आत्ता नको, तो दिवसभर सूक्ष्म कोपेपॉड टिपत फिरतो आणि नव्या टँकमध्ये हळूहळू उपाशी मरतो.

क्वारंटाईन टाळू नका, हे हात जोडून सांगते. ६०-८० लिटरचा साधा टँक, दगड नाही वाळू नाही, नुसता पाइपचा तुकडा लपायला. प्रत्येक नवीन मासा तिथे किमान चार आठवडे. तांब्याचं औषध लागलं तर तिथेच द्यायचं, मोठ्या टँकमध्ये कधीच नाही, गोगलगायी, कोळंबी, कोरल सगळे मरतात. आणि इच एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून तो टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो, म्हणजे आधी दगड उपसून मासे पकडावे लागतात. सहा फुटांत मासा पकडून बघितलाय का कधी? तुमच्या बाबतीत अजून एक, नवीन मासा टूरवरून परत आलेल्या दिवशी आणा, जायच्या आठवड्यात नाही. खरं तर जायच्या आधीच्या सात दिवसांत नवीन काहीच करायचं नाही, नवीन कोरल नाही, पंप बदलणं नाही, डोसिंगचा आकडा हलवणं नाही. जे बिघडायचं ते तुमच्या डोळ्यासमोर बिघडू दे.

कोरल हळू हळू. मासे सुखात आहेत असं दिसलं की मऊ कोरल, मशरूम वगैरे. मग हॅमर, टॉर्चसारखे कोरल, त्यांच्या बाजूला १५ सेंटिमीटर मोकळं ठेवा कारण रात्री ते लांब शुंडा काढून शेजाऱ्याला भाजतात. ॲक्रोपोरा हा नाजूक दगडी कोरल वर्षभराने. झोअँथिड लोक पहिला कोरल म्हणून देतात, रंग छान असतात, पण त्यांच्यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि त्यांचा दगड कधीही उकळायचा, गरम पाण्याने धुवायचा किंवा घासायचा नाही, त्या वाफेने घरातली माणसं हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना झाल्यात. तुमच्याकडे ८ वर्षांचं मूल आहे, मी तुमच्या जागी असते तर पॅलिथोआ घरात आणलाच नसता. आणि दगडी कोरलचा व्यापार साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) च्या परिशिष्ट २ मध्ये येतो, शिवाय प्रत्येक देशाचे आपले कायदे असतात, काही ठिकाणी फार कडक आहेत. विकत घ्यायच्या आधी तुमच्याकडे काय चालतं ते नीट बघा, कागद नसलेला तुकडा घेऊ नका, शक्यतो दुसऱ्या हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेला फ्रॅगच (कापून लावलेला तुकडा) घ्या.

कोरल वाढायला लागले की ते पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ओढून सांगाडा बांधतात आणि तिथून तुमचं खरं काम सुरू होतं. एकच टेस्ट करायला वेळ असेल तर अल्कलिनिटीची करा. ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) ठेवा, पण आकड्यापेक्षा तो हलत नाही ना हे बघा, एका दिवसात १ च्या वर बदल झाला तर ॲक्रोपोराची टोकं जळतात. सलग तीन दिवस एकाच वेळी मोजायचं, समजा ८.६, ८.३, ८.० आलं तर रोज ०.३ खर्च होतोय, तेवढंच रोज भरायचं. कॅल्शियम त्या मानाने सावकाश उतरतं, अल्कलिनिटी २.८ उतरेपर्यंत कॅल्शियम फक्त २० पीपीएम कमी होतं, त्यामुळे ते आठवड्याला मोजलं तरी चालेल, ४२० च्या आसपास ठेवा. मॅग्नेशियम १३०० च्या जवळ, महिन्यातून एकदा. डोसिंग पंपाला दिवसाचा डोस दहा-बारा छोट्या भागांत वाटून द्या. टूरवर जाताना आकडे लिहून जा, आल्यावर आधी मोजा आणि मगच बॅग उघडा.

आता वहिनींकडे परत येते. त्यांना "तुला काही करावं लागणार नाही" असं सांगू नका, ते खोटं आहे आणि त्यांना ते कळतंय. त्यांना सरळ विचारा, मी नसताना दिवसाला दहा मिनिटं देशील का. कामं एवढीच: थर्मोमीटर बघणं, संपच्या काचेवर लावलेल्या टेपपर्यंत पाणी आहे का बघणं, मासे मोजणं, खाणं टाकणं, पाच दिवसांनी टॉप ऑफची टाकी भरणं. खाण्याचं आधीच सांगते, घरी नसताना टँक बिघडतो तो बहुतेक वेळा प्रेमाने जास्त खाऊ घातल्यामुळे. गोळ्या ठेवायचे वाराचे डबे मिळतात ना, सोमवार मंगळवार लिहिलेले, त्यात फ्रोझन खाण्याचे रोजचे वाटे करून फ्रीझरमध्ये ठेवून जा. त्या दिवसाचा कप्पा रिकामा झाला की त्या दिवसाचं खाणं संपलं.

आणि एका कागदावर, मोठ्या अक्षरात, लिहून स्टँडच्या दाराला आतून चिकटवा: पाणी २८ च्या वर गेलं तर लाल टेपचे प्लग काढ, ते हीटर आहेत. जमिनीवर पाणी दिसलं तर निळ्या टेपचा प्लग काढ, तो रिटर्न पंप आहे. पिवळ्या टेपचे प्लग कधीच काढायचे नाहीत, ते वेव्हमेकर आहेत. खाली तुमचा नंबर आणि तुमचा फोन लागला नाही तर ज्याला रीफ कळतो अशा एका माणसाचा नंबर. तो माणूस आत्तापासून शोधा, त्याच्या टँकला मदत करा, म्हणजे तो तुमच्या वेळी येईल.

वहिनी नको म्हणाल्या तर? मग मी तरी टँक भरणार नाही. एक तर टूर कमी होईपर्यंत थांबा, नाहीतर पैसे देऊन आठवड्यातून दोनदा बघून जाणारा जाणकार माणूस ठेवा आणि हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा. नको म्हणणाऱ्या माणसाच्या गळ्यात शंभर जिवंत जनावरं बांधू नका, ते त्या माणसावरही अन्याय आणि जनावरांवरही.

या महिन्यात करायचं ते असं. इंजिनिअरचा होकार आला की टँक नुसत्या साध्या पाण्याने भरा, मीठ नको, दगड नको. सगळे पंप आठवडाभर चालवा, प्रत्येक सांधा कोरड्या टिश्यूने तपासा. मग मुख्य स्विच बंद करा आणि संपमध्ये पाणी कुठवर चढतं त्यावर खूण करा, परत चालू करा, परत बंद करा, पाच-सहा वेळा. जमिनीवर थेंब आला तर आत्ताच संपमधली पातळी कमी करायची. आणि यातला एक तरी स्विच वहिनींना स्वतः बंद करू दे, तुम्ही बाजूला उभे राहा, काही बोलू नका, पाणी कुठे जातं ते त्यांना बघू दे. हे झालं की संपचा फोटो पाठवा, पाण्याची ती वरची खूण दिसेल असा, मग आपण मिठाचं बघू.